पावसाळ्यात चिकट राहिलेलं तेल, आजोबांची होडी आणि गॅलरीतला बाक

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वेसाव्याच्या घराच्या पडवीत आजोबांची १४ फुटी लाकडी होडी सात-आठ वर्षं कोरडी पडून आहे, ती पुन्हा खाडीत घालायची आहे. शिवाय गॅलरीत जुन्या सागवानाचा बाक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश मारून घेतलंत, ते दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रे धरून सुटलं. म्हणून यंदा मे संपता संपता सगळं खरवडलंत आणि आठवड्याभरात अळशीच्या तेलाचे चार हात दिलेत. ऑगस्टमध्ये बाक चिकट, बसलं की कपड्याला लागतो, वर काळे ठिपके. आता तुम्हाला जुन्या लोकांचं एखादं नैसर्गिक तेल किंवा राळ हवी आहे, जी होडीलाही चालेल, बाकालाही चालेल आणि पाच वर्षं बघावी लागणार नाही.

पाच वर्षांचं आधी बोलू. मुंबईच्या उघड्या हवेत पाच वर्षं हात न लावता टिकलेलं तेलाचं काम मी ३१ वर्षांत पाहिलेलं नाही. जुन्या लोकांकडेही ते नव्हतं. त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा तेलाचा हात फिरवायची सवय होती. दिवाळीआधी दाराला, झोपाळ्याला तेलपाणी व्हायचं. होडी वर ओढली की तिच्या अंगाला तेल चोळलं जायचं. म्हणून ‘कोणतं तेल’ याच्या आधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, की वर्षातून एक दुपार या लाकडाला कोण देणार? तुम्ही स्वतः देणार असाल तर तेल लावा. कोणीच देणार नसेल तर सरळ ऑइल पेंट लावा. त्यात कमीपणा काही नाही, कोळीवाड्यातल्या लाकडी होड्या रंगवलेल्याच असतात.

तुमचं पॉलिश का सुटलं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं आणि थंडीत आकसतं. वरचा कडक थर त्याच्याबरोबर तेवढा हलत नाही, मग जोडाशी किंवा कडेला केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं, पण थराखालून बाहेर यायला त्याला वाट नसते. शिवाय थर पारदर्शक, म्हणजे ऊन आरपार. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन मोडतात. लिग्निन हा लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा घटक. तो गेला की पॉलिश ज्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं तोच भुसभुशीत होतो आणि नखाने पापुद्रा निघतो. कारागिराने काम वाईट केलं असेलच असं नाही.

तेल थर धरत नाही, मुरतं. त्यामुळे ते सोलून निघत नाही, नुसतं झिजतं, आणि झिजल्यावर खरवडायची गरज नसते. पुसून पुन्हा लावायचं. हा त्याचा मोठा गुण. पण तेल लाकडाला जलरोधक करत नाही. पाण्याचं आत-बाहेर जाणं फक्त सावकाश करतं. एवढी अपेक्षा ठेवली तर तेल तुम्हाला निराश करणार नाही.

आता चिकटपणा. तेल ‘वाळतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि घट्ट होतात. ही क्षमता प्रत्येक तेलात वेगळी. ती आयोडीन अंकावरून, म्हणजे तेल किती आयोडीन धरतं त्या मापावरून कळते. अंक साधारण १३० च्या वर असेल तर तेल नीट वाळतं. अळशीचा अंक १७० ते २०० च्या घरात, तिळाचा शंभराच्या जरा वर, करंजेलाचा नव्वदीच्या आसपास आणि खोबरेलाचा जेमतेम दहा. म्हणजे खोबरेल बाकाला लावलं तर ते जन्मभर तेलच राहणार. तिळाचं तेल अर्धवट आळून चिकट होणार, धूळ धरणार. या तेलांपैकी बाकाच्या कामाचं एकच, अळशी म्हणजे जवस.

मग तुमचं का वाळलं नाही? मला तीन कारणं दिसतात. कच्चं, म्हणजे न उकळलेलं तेल असेल तर त्याचा एक हात वाळायला मुंबईत कोरड्या दिवसांतसुद्धा आठवडा जाऊ शकतो. तुम्ही त्याच आठवड्यात चार हात दिलेत. वरचं तेल साय धरतं आणि खालचं ओलं राहतं, कारण सायीतून त्याला हवा पोचत नाही. दुसरं, तुम्ही लिहिलंय की ‘भरपूर पाजलं’. पाजायला हरकत नाही, पण वीस-पंचवीस मिनिटांनी लाकडावर जे उरतं ते कोरड्या फडक्याने रगडून पुसून काढायचं. इतकं, की हात फिरवला तर तळव्याला तेल लागता कामा नये. तिसरं, डोक्यावर जून होता. न वाळलेलं अळशीचं तेल म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं ताट.

तेल विकत घेताना मी एक गोष्ट न चुकता करतो. खिडकीच्या तुटक्या काचेचा तळहाताएवढा तुकडा घेतो, त्यावर तेलाचा थेंब टाकून बोटाने पातळ पसरतो आणि काच उजेडात, वारा लागेल अशी उभी ठेवतो. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल, आमचे रंगवाले ज्याला बेलतेल म्हणतात, ते चांगलं असेल तर दोन-तीन दिवसांत बोटाला न लागणारी पिवळसर काचेसारखी साय होते. आठवडा उलटूनही बोट चिकटत असेल तर तेलात भेसळ आहे, तो डबा परत करा. नावात ‘बॉइल्ड’ असलं तरी आजकाल त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. नैसर्गिकपणाबद्दल तुमचा आग्रह कडक असेल तर हे माहीत असलेलं बरं. मी स्वतः मुंबईच्या हवेत तेच वापरतो.

जुन्या लोकांच्या तेलांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांना उंडीचं तेल, करंजेल, मुशीच्या यकृताचं तेल, तारलीचं तेल आणि काजूच्या टरफलांचं तेल लावत आले आहेत. यांतली बरीचशी नीट वाळत नाहीत, आणि होडीच्या बाबतीत तो दोष ठरत नसे. होडी दर काही दिवसांनी वर ओढली जायची, तिला पुन्हा तेल मिळायचं. लाकडाच्या अंगात सतत तेल राहायचं, त्यामुळे ते कडक होऊन तडकत नसे. करंजेल कडू, त्यामुळे किडा-वाळवीलाही ते नकोसं. वासाचं तुम्हीच ठरवा. माशाच्या तेलाचा वास एक पावसाळा जात नाही, आणि गॅलरीत तर शेजाऱ्यांकडूनही निरोप येईल. बाकावर यांतलं काहीही लावू नका.

काजूच्या टरफलांच्या तेलाला मात्र वेगळा मान द्यावा लागतो. लाकूड किडीपासून वाचवण्यात ते खरोखर उत्तम, होडीच्या आतल्या तळाला, फळ्यांच्या खालच्या अंगाला मी आजही लावतो. पण ते कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, हे लक्षात ठेवा. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नका. पूर्ण हातमोजे, लांब बाह्या, उघड्या कातडीला आधी खोबरेल, आणि ज्यांना काजूची किंवा बिब्ब्याची बाधा होते त्यांनी या कामाच्या जवळपासही फिरकू नये.

राळेचा विचार चांगला आहे, पण बाजारात ‘राळ’ म्हणून दोन-तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पाइनच्या चिकापासूनचं रोझिन स्वस्त असतं. ते उन्हात मऊ पडतं आणि पावसात पांढरं होतं. झाडाची डामर राळ त्याहून बरी. मस्जिद बंदरच्या बाजारात गेलात तर खडे हातात घेऊन बघा आणि डामर राळ की रोझिन, हे स्पष्ट विचारून घ्या. माझं प्रमाण लिटरभर अळशी तेलाला १०० ग्रॅम कुटलेली राळ. तेल उघड्या जागेत, गरम वाळूच्या परातीत भांडं ठेवून तापवायचं, ज्योतीवर थेट कधीच नाही, आणि टर्पेंटाइन मिसळायचं ते सगळं थंड झाल्यावर, शेगडीपासून लांब. घरात हे करू नका. इमारतीच्या गच्चीवरही नको. राळ घातल्याने तेलाला थोडी कडकी येते, पाणी जरा जास्त वेळ थेंबासारखं राहतं. बाकाला मी ती घालत नाही, कारण तिने पुन्हा थर धरायची सुरुवात होते. होडीच्या वल्ह्यांना आणि वरच्या काठाला घालतो.

चपडीचं, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश आणि मधमाशीचं मेण, दोन्ही घरातल्या सामानासाठी. चपडीवर पाणी राहिलं की पांढरा डाग पडतो. मेण उन्हात मऊ होऊन धूळ धरतं.

बाकाचं काम असं करा. ऑक्टोबरची उकाड्याची हवा जाऊ द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे तेलाचे महिने. मासेमारी बंदी जून-जुलैत असते, होड्या किनाऱ्यावर असतात, हात मोकळे असतात, म्हणून डागडुजी तेव्हा सुचते. ठोकठाक, फळी बदलणं तेव्हा जरूर करा. तेल त्या दिवसांत नको. आधी चिकट तेल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या नायलॉनच्या घासणीने, लाकडाच्या रेघांच्या दिशेने काढा. मग काळ्या ठिपक्यांची परीक्षा: एका ठिपक्यावर धुण्याच्या ब्लीचचा थेंब टाका. काही मिनिटांत फिका पडला तर ती बुरशी. तसाच काळा राहिला, आणि जवळ खिळा किंवा स्क्रू असला, तर लोखंड आणि लाकडातला तुरट घटक, टॅनिन, यांचा डाग. तो ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने जातो, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला, आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. नंतर साध्या पाण्याने धुऊन बाक दोन आठवडे सावलीत वाळवा.

१२० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. त्याहून बारीक मारून लाकूड आरशासारखं केलंत तर तेल कमी मुरतं. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, दुसऱ्याला दोन भाग तेल एक भाग टर्पेंटाइन, तिसऱ्याला नुसतं तेल. प्रत्येक हातानंतर रगडून पुसायचं आणि पुढचा हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच, मग त्याला चार दिवस लागोत की दहा. पहिल्या दोन हातांत मी अर्ध्या लिटरला चमचाभर वस्त्रगाळ गेरू घालतो. आपल्याकडे दारांना गेरू-तेल लावायची रीत होती, ती फक्त रंगासाठी नव्हती: गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तो अतिनील किरण अडवतो. रंगाशिवायचं स्वच्छ तेल ते काम करू शकत नाही. सागवान थोडं लालसर दिसेल, ते तुम्हाला आवडणार नसेल तर गेरू वगळा आणि लाकूड लवकर करडं पडेल हे मान्य करा. करडं सागवान कुजलेलं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकाचे पाय उलटे करून तळ बघा. फळीचं सपाट अंग जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट जास्त पाणी आडवं कापलेलं टोक पितं, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. पातळ तेल बशीत घ्या, पाय त्यात रात्रभर उभे ठेवा. सकाळी बशी कोरडी दिसेल. पुन्हा भरा. माझ्याकडे येणाऱ्या दहा बाकांपैकी आठांचे पाय तळातून गेलेले असतात आणि बसायची फळी धडधाकट असते. लोक मात्र तेल फळीलाच लावतात.

चिंध्यांबद्दल हात जोडून सांगतो. माझगावला काकांच्या कारखान्यात मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. तेलाने भिजलेली फडकी मी गोणपाटात कोंबून कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर गोणी हाताला गरम लागली, तोंड उघडल्यावर आतून धूर आणि करपलेल्या तेलाचा वास. कोणी काडी लावलेली नव्हती. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा करून ठेवलेल्या फडक्यात ती कोंडून पेट घेते. रात्रीची गोष्ट असती तर सगळी वखार गेली असती. फडकी एकेक पसरून दोरीवर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. घरात लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे वाचून सोडून देऊ नका.

आता होडी. ती कोणत्या लाकडाची आहे यावर बरंच अवलंबून आहे. सागवान किंवा ऐन असेल तर जीव आहे. मधे कोणी आंब्याच्या फळ्या बसवल्या असतील तर त्या आधी टोचून बघा. स्क्रू-ड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर तेलाचा प्रश्नच उरत नाही, फळी बदला.

सात-आठ वर्षं कोरडी पडलेली होडी बघितली की फळ्यांमधल्या फटींतून उजेड दिसतो, आणि माणसाला वाटतं, यात इपॉक्सी (दगडासारखा कडक होणारा रासायनिक गोंद) भरून टाकावं. कृपा करून असं करू नका. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात. फटीत कडक काही भरलेलं असेल तर फुगायला जागा राहत नाही, आणि जोर आतल्या बाकदार लाकडांवर येऊन ती तडकतात. फटीत कापसाची वात हलक्या हाताने ठासा, वर तेल-चुन्याची मऊ लांबी, म्हणजे पुट्टी. मग होडीत गोणपाटं पसरून ती आठवडाभर समुद्राच्या पाण्याने ओली ठेवा. नळाचं पाणी नको. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर वाढते, मीठ तिला मानवत नाही. होडी समुद्रात कुजत नाही, तिच्या पोटात साचलेल्या पावसाच्या पाण्याने कुजते. आतून तेल द्यायचं ते फुगवण झाल्यावर, हलकंच. आधी तेल पाजलंत तर लाकूड पाणी सावकाश घेईल आणि फटी मिटायला वेळ लागेल.

पाण्याखालच्या भागाला मात्र कोणतंच तेल पुरेसं नाही. तिथे शत्रू वेगळा आहे. लाकूड पोखरणारा तो जीव आपण किडा म्हणतो, पण तो खरं तर तिसऱ्या-शिंपल्यांचा भाऊबंद; बाहेरून सुईएवढं भोक आणि आत फळीची चाळण. जुने लोक तळाला चुना आणि तेलाचा जाड लेप देत आणि होडी वरचेवर वर काढून वाळवत. तुमची होडी दर दोन-तीन आठवड्यांनी किनाऱ्यावर येणार असेल तर हा लेप करून बघायला हरकत नाही, वाळल्यावर तो जीव मरतो. खाडीत महिनोन्‌महिने बांधून ठेवणार असाल तर तळाला तांबंवाला अँटिफाउलिंग रंग (तळाला समुद्री जीव चिकटू न देणारा) लावा, आणि नैसर्गिकतेचा आग्रह पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा.

कोणी तुम्हाला म्हणेल की, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ जहाज १८१७ सालचं आहे आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय, मग तेव्हाच्या तेलात काहीतरी होतं. मलबारी सागवान होतं, पाण्याखाली तांब्याचे पत्रे होते, आणि त्यानंतर दोन शतकांत अनेक हातांनी तिची डागडुजी केली. त्या जहाजाकडून घ्यायचं असेल तर तांबं आणि डागडुजी घ्या.

पावसाळ्यात होडी झाकाल तेव्हा ताडपत्री अंगाला गुंडाळून बांधू नका. मधोमध, होडीच्या लांबीच्या दिशेने, एक बांबू आडवा टाकून तिला छपरासारखी उतरती करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, म्हणजे वारा खेळेल. तळाचं बूच काढून ठेवा आणि होडी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, चार बोटं उंच टेकवा, आत आलेलं पाणी मागे जाऊन निघून जाईल.

आत्ता ऑगस्ट आहे, तेव्हा तेलाच्या डब्याला हात लावू नका. या रविवारी नुसतं काचेच्या तुकड्यावर तुमच्याकडचं उरलेलं तेल पसरून ठेवा, आणि नाळेजवळ फळ्यांची टोकं जिथे एकत्र येतात तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. कुठे किती आत गेला आणि लाकूड आतून कोणत्या रंगाचं निघालं, ते लिहून कळवा. काही फळ्या बदलायच्या की नाहीत ते त्यावरून सांगता येईल.